जपानी शब्द आणि वाक्प्रचार: इंग्रजी अर्थ कुठे अपुरा पडतो, मराठी कुठे कामी येते

फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर जपानी शब्दांच्या याद्या सतत फिरत असतात. एका बाजूला जपानी शब्द, दुसऱ्या बाजूला त्याचा इंग्रजी अर्थ. अनेक मराठी मुले-मुली आता नोकरीसाठी जपानी शिकतात, त्यांच्या वहीतही बहुधा हेच दोन रकाने असतात. जपानीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मनातल्या मनात मराठीत, असा शब्दाचा प्रवास होतो. या दोन उड्यांमध्ये बरेच काही सांडते.

गंमत अशी की जपानीतल्या कितीतरी बोलण्यांना इंग्रजीत नेमका शब्द नाही, पण मराठीत आहे. आणि काही ठिकाणी मराठी इतकी जवळची वाटते की हमखास फसायला होते. या लेखात दोन्ही प्रकारची उदाहरणे आहेत.

तुळजापूरचा गोंधळ आणि घोड्याच्या कानातला जप

इंग्रजी अर्थाची अडचण समजून घ्यायला जपानपर्यंत जायची गरज नाही. धाराशिव जिल्ह्यातले तुळजापूर पुरेसे आहे. 'गोंधळ' या शब्दाचा इंग्रजी अर्थ कोणत्याही ॲपवर 'कन्फ्यूजन' किंवा 'केऑस' असा मिळेल. अर्थ चुकीचा नाही, अर्धा आहे. तुळजाभवानीला मानणाऱ्या घरात लग्नानंतर गोंधळ घातला जातो. गोंधळी येतात, गळ्यात कवड्यांच्या माळा असतात, संबळ वाजते, दिवटी पेटते, देवीला जागरणाला बोलावले जाते. या विधीचे नाव आधी, गलबल्याचा अर्थ नंतरचा. 'कन्फ्यूजन' एवढेच पाठ केलेल्या परदेशी माणसाला तुळजापुरात 'आज आमच्याकडे गोंधळ आहे' हे वाक्य ऐकू आले, तर तो काळजीत पडेल.

आता म्हण पाहा: 'गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता.' जपानीत याच प्रसंगी म्हणतात 'उमा नो मिमी नि नेनबुत्सु', म्हणजे 'घोड्याच्या कानात नेनबुत्सु'. नेनबुत्सु म्हणजे अमिताभ बुद्धाचा नामजप: 'नामू अमिदा बुत्सु'. त्यातला 'नामू' हा आपला 'नमो'च आहे. इंग्रजी याद्यांमध्ये या म्हणीपुढे 'बहिऱ्या कानांना उपदेश' अशा अर्थाचे काहीतरी लिहिलेले असते. त्यात जनावरही गेले आणि जपही गेला. मराठी म्हणीत दोन्ही शिल्लक आहेत: पवित्र पाठ आणि त्याचे काहीच सोयरसुतक नसलेला चार पायांचा श्रोता.

नकळत रोज वापरले जाणारे जपानी

मराठीत सगळ्यात जास्त वापरला जाणारा जपानी शब्द बहुधा 'रिक्षा' असेल. मूळ शब्द 'जिनरिकिशा'. जिन म्हणजे माणूस, रिकि म्हणजे शक्ती, शा म्हणजे गाडी. माणसाच्या ताकदीवर चालणारी गाडी. १८७०च्या सुमारास ही गाडी तोक्योत धावू लागली आणि तिथून आशियाभर पसरली. इंग्रजीतून येताना शब्दाचे डोके, म्हणजे 'जिन', गळून पडले. आता गाडीला इंजिन लागले, तरी नाव तेच राहिले.

'इमोजी' हा शब्द इंग्रजी 'इमोशन'वरून आला असे अनेकांना वाटते. तसे नाही. 'ए' म्हणजे चित्र आणि 'मोजी' म्हणजे अक्षर; इमोजी म्हणजे चित्राक्षर. जपानच्या दोकोमो या मोबाइल कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी १९९९ साली १७६ चित्राक्षरांचा संच केला आणि तिथून हा प्रकार फोनवर रुळत गेला.

'त्सुनामी'त त्सु म्हणजे बंदर आणि नामी म्हणजे लाट. 'कराओके'त करा म्हणजे रिकामा आणि ओके हा 'ऑर्केस्ट्रा'चा जपानी तुकडा; गायकाविना वाजणारा ताफा. 'कराते'तला करा तोच, आणि 'ते' म्हणजे हात. रिकाम्या हातांची लढत. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनमुळे ऐकू येणाऱ्या 'शिंकानसेन'चा अर्थ मात्र अगदी साधा आहे: नवा मुख्य लोहमार्ग. त्यात बंदुकीची गोळी कुठेच नाही. मराठी कवितेत शिरीष पै यांनी रुजवलेला 'हायकू'ही जपानीच.

कारखान्यातली जपानी

चाकण, रांजणगाव, वाळूज अशा औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्यांना जपानी शब्द शिकायला वर्ग लावावा लागत नाही. ते भिंतीवरच लिहिलेले असतात. 'काइझेन' म्हणजे सुधारणा; जपानीत हा रोजचा साधा शब्द आहे. 'गेंबा' म्हणजे जिथे प्रत्यक्ष काम चालते ती जागा. 'मुदा' म्हणजे वाया जाणे, 'मुरा' म्हणजे कमीजास्तपणा, 'मुरी' म्हणजे झेपेल त्यापेक्षा जास्त ओझे. जपानी माणूस रोजच्या बोलण्यात नुसते 'मुरी' म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ 'नाही जमायचे' असा असतो.

'पोका-योके' म्हणजे चूक होऊच नये अशी सोय. प्लग उलटा बसू नये म्हणून त्याचा आकार वेगळा ठेवणे, हे त्याचे साधे उदाहरण. या पद्धतीला आधी 'बाका-योके' म्हणत. बाका म्हणजे मूर्ख. कामगाराला मूर्ख ठरवणारा शब्द नको, म्हणून शिगेओ शिंगो यांनी तो बदलला आणि साध्या नजरचुकीसाठीचा 'पोका' आणला. एका अक्षरगटाच्या बदलात कामगाराचा मान राखला गेला.

'फाइव्ह एस'मधला पाचवा शब्द 'शित्सुके'. इंग्रजी तक्त्यांवर त्यापुढे 'सस्टेन' लिहिलेले असते, म्हणजे टिकवून ठेवा. पण जपानी घरांत शित्सुके हा शब्द मुलांच्या बाबतीत वापरतात: जेवायला कसे बसावे, मोठ्यांशी कसे बोलावे, चपला कुठे काढाव्यात. मराठीत याला 'वळण' म्हणतात. 'पोरांना चांगलं वळण लावलंय' या वाक्यातले वळण म्हणजेच शित्सुके. हे कळले की पाचवा एस पाठ करावा लागत नाही.

घरातून निघताना: 'येतो'

मराठी माणूस घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही. 'येतो' किंवा 'जाऊन येतो' म्हणतो. तुळजापुरातून परतणारा भाविकही भवानीआईला 'येतो' असेच म्हणतो. 'जातो' म्हणणे अशुभ, कारण त्यात परत येणे नाही.

जपानी माणूस घरातून निघताना म्हणतो 'इत्ते किमास'. इत्ते म्हणजे जाऊन, किमास म्हणजे येतो. शब्दाला शब्द लावला तर 'जाऊन येतो'. घरातला माणूस उत्तर देतो 'इत्तेराश्शाइ', म्हणजे 'जाऊन या'. इंग्रजी याद्यांमध्ये याचा अर्थ 'आय ॲम लीव्हिंग' किंवा 'सी यू लेटर' असा देतात. मराठी वाचकाला त्या वळणाने जाण्याचे काहीच कारण नाही.

अशीच आणखी काही रोजची बोलणी:

तादाइमा आणि ओकाएरी. बाहेरून आलेला माणूस दारातच 'तादाइमा' म्हणतो. शब्दशः अर्थ 'आत्ताच', म्हणजे 'आलो बरं का'. घरातून उत्तर येते 'ओकाएरी', म्हणजे 'आलास का'.

इतादाकिमास. जेवायला सुरुवात करण्याआधी म्हणतात. इंग्रजीत 'लेट्स ईट' असा अर्थ देतात आणि तो दिशाभूल करणारा आहे. मूळ क्रियापद नम्रपणे स्वीकारण्याचे आहे. शाळेच्या डब्याआधी हात जोडून श्लोक म्हणण्याची मराठी सवय त्याच्या जवळची. एकट्याने जेवतानाही अनेक जण ते म्हणतात.

गोचिसोसामा. जेवण झाल्यावर म्हणतात. त्यातल्या 'चिसो'चा मूळ अर्थ धावपळ. पाहुण्यासाठी केलेली पळापळ. ज्याने ती केली त्याचे आभार मानायचे. मराठीत पंगतीतून उठताना 'अन्नदाता सुखी भव' म्हणतात, तेच हे.

ओकागेसामा दे. 'कसे आहात?' याला उत्तर. 'कागे' म्हणजे सावली. तुमच्या छायेत बरे चालले आहे, असा भाव. 'आपल्या आशीर्वादाने ठीक' हे मराठी उत्तर इंग्रजी 'फाइन, थँक यू'पेक्षा फार जवळचे आहे.

योरोशिकु ओनेगाइ शिमास. जपानी शिकणाऱ्याला सगळ्यात जास्त छळणारे वाक्य. नवी ओळख झाली, काम सोपवले, मेल संपवला, की हे म्हणायचे. इंग्रजीत 'प्लीज बी नाइस टू मी'पासून 'थँक यू इन ॲडव्हान्स'पर्यंत वाटेल ते अर्थ दिलेले दिसतात. यातला 'ओनेगाइ' म्हणजे विनंती आणि 'योरोशिकु' म्हणजे चांगल्या रीतीने. मराठी पत्राच्या शेवटी जुनी माणसे लिहीत: 'लोभ असावा, ही विनंती.' नेमके तेच. फरक एवढाच की मराठीत हे वाक्य पत्रापुरते उरले आणि जपानीत ते रोज दहा वेळा तोंडी म्हटले जाते.

ओत्सुकारेसामा. कामावरून निघताना सहकाऱ्यांना म्हणतात. 'त्सुकारे' म्हणजे थकवा; तुम्ही दमलात याची जाणीव आहे, असा अर्थ. याच धाटणीचा 'गोकुरोसामा' हा दुसरा शब्द आहे, पण तो वरिष्ठाने कनिष्ठाला म्हणायचा. साहेबाला तो म्हणणे उद्धटपणाचे ठरते. इंग्रजी यादीत दोन्हींपुढे 'गुड वर्क' लिहिलेले असते आणि फरक कळतच नाही.

व्याकरण: क्रियापद शेवटी, प्रश्नाला 'का'

मराठी आणि जपानी या दोन वेगळ्या कुळांतल्या भाषा आहेत. तरी वाक्याची बांधणी मात्र एकसारखी वाटते. 'मी तुळजापूरला जातो' हे वाक्य जपानीत 'वाताशी वा तुळजापूर नि इकिमास' असे होते. आधी कर्ता, मग ठिकाण, त्याला मागून जोडलेला प्रत्यय, शेवटी क्रियापद. 'नि' म्हणजे 'ला' आणि 'नो' म्हणजे 'चा-ची-चे'. इंग्रजीच्या साच्यात विचार केला तर हेच वाक्य आधी उलटे करावे लागते.

प्रश्न विचारताना तर कमालच आहे. 'येता का?' हे जपानीत 'किमास का?' मराठीत 'का', जपानीतही 'का'. दुजोरा मागताना मराठी माणूस 'छान आहे ना?' म्हणतो आणि जपानी माणूस 'ईइ देस ने?' म्हणतो. हे साम्य योगायोगाचे आहे, नात्याचे नाही. पण लक्षात ठेवायला फार सोयीचे आहे.

उच्चारातही मराठीचा फायदा होतो. 'त्सु' म्हणताना इंग्रजी बोलणारे बहुतेक जण 'त' गाळून 'सुनामी' म्हणतात. मराठीत 'चूल' आणि 'चूक' यांतला 'च' जवळपास तोच आहे. जपानीत ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षर यांनी अर्थ बदलतो. 'ओबासान' म्हणजे मावशी किंवा काकू आणि 'ओबाआसान' म्हणजे आजी. 'किते कुदासाइ' म्हणजे 'या' आणि 'कित्ते कुदासाइ' म्हणजे 'कापा'. रोमन लिपीत हा फरक डोळ्यांतून निसटतो. देवनागरीत 'पका' आणि 'पक्का' यांत फरक करणाऱ्या कानाला तो लगेच कळतो. कमतरता एकच: जपानीत 'ल' आणि 'ळ' नाहीत. जपानी माणसाच्या तोंडी तुळजापूर हे 'तुरुजापूरु' असे काहीसे होते.

म्हणींच्या जोड्या

काही जपानी म्हणींपुढे मराठी म्हण ठेवली की वेगळा अर्थ सांगावा लागत नाही.

हाना योरी दांगो: फुलांपेक्षा दांगो बरा. दांगो म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोळे. साकुराचा बहर बघायला जायचे आणि लक्ष खाण्यावर. मराठीत: आधी पोटोबा, मग विठोबा.

चिरी मो त्सुमोरेबा यामा तो नारु: धूळही साचली की डोंगर होतो. मराठीत: थेंबे थेंबे तळे साचे.

गो नि इत्ते वा गो नि शितागाए: ज्या गावात जाल त्या गावाचे ऐका. इंग्रजी यादीत इथे रोम शहर येते. मराठीत: देश तसा वेश.

इ नो नाका नो कावाझु: विहिरीतला बेडूक. पुढचा भाग असा की त्याला महासागर ठाऊक नसतो. मराठीत: कूपमंडूक.

नेको नि कोबान: मांजराला सोन्याचे नाणे. मराठीत: गाढवाला गुळाची चव काय.

मिक्का बोझु: तीन दिवसांचा भिक्षू. उत्साहाने सुरुवात करून लगेच सोडून देणारा. मराठीत: नव्याचे नऊ दिवस. जपानी उत्साह सहा दिवस आधी संपतो.

केनएन नो नाका: कुत्र्या-माकडाचे नाते. मराठीत: विळ्याभोपळ्याएवढे सख्य.

कुची गा कारुइ: तोंड हलके असणे. मराठीत: तोंडात तीळ न भिजणे.

गोमा वो सुरु: तीळ वाटणे, म्हणजे खुशामत करणे. मराठीत: लोणी लावणे.

आतामा नि कुरु: डोक्यात येणे, म्हणजे राग येणे. आजची मुले म्हणतात, 'तो माझ्या डोक्यात जातो.' फक्त येण्या-जाण्याचा फरक.

काही म्हणींना मात्र मराठीत जोडीदार सापडत नाही आणि ओढूनताणून शोधूही नये. 'देरु कुइ वा उतारेरु' म्हणजे वर आलेला खुंटा ठोकला जातो; चारचौघांत वेगळे दिसणाऱ्याला जागेवर आणले जाते. 'इशी नो उए नि मो सान्नेन' म्हणजे दगडावरसुद्धा तीन वर्षे. थंडगार दगडही तीन वर्षे बसले की ऊबदार होतो, म्हणून धीर धरावा. 'नेको नो ते मो कारिताइ' म्हणजे मांजराचे हातसुद्धा उसने घ्यावेसे वाटणे, इतकी कामाची घाई. 'साबा वो योमु' म्हणजे बांगडे मोजणे. नासका माल लवकर खपवायला बाजारात मासे भराभर मोजत आणि आकडा हवा तसा होई, असे सांगतात. आज वय किंवा संख्या सोयीने कमीजास्त सांगणाऱ्याला हे लागू होते.

इथे मराठी फसवते

शब्दशः भाषांतर मराठीत ओळखीचे वाटते, पण अर्थ भलताच असतो, अशा जागा सगळ्यात धोक्याच्या.

मिझु नि नागासु: पाण्यात सोडून देणे. मराठीत 'पैसे पाण्यात गेले' म्हणजे नुकसान आणि 'पाण्यात पाहणे' म्हणजे द्वेष. जपानीत अर्थ नेमका उलट आहे: झालेले भांडण विसरून जाणे.

आशी वो आराउ: पाय धुणे. मराठीत पाय धुतात पाहुण्याचे किंवा जावयाचे. जपानीत याचा अर्थ वाईट धंदा सोडून देणे. अनवाणी फिरून आलेला भिक्षू मठात शिरताना पाय धुई, त्यावरून हा वाक्प्रचार आल्याचे सांगतात.

मिमी गा इताइ: कान दुखणे. दवाखान्यात गेलात तर खरेच कानदुखी. गप्पांमध्ये मात्र 'तुमचे बोलणे वर्मी लागले' असा अर्थ.

मे गा नाइ: डोळे नाहीत. आंधळेपणाशी संबंध नाही. एखाद्या गोष्टीची फार आवड असणे. गोडाच्या बाबतीत 'मे गा नाइ' म्हणणारा माणूस गोडघाशा आहे.

कुबी नि नारु: मान होणे. मानपानाशी संबंध नाही. इथे मान म्हणजे गळा, आणि अर्थ नोकरी जाणे.

हाप्पो बिजिन: आठही दिशांनी सुंदर. कौतुक वाटते, पण हा टोमणा आहे. सगळ्यांना खूश ठेवू पाहणारा, म्हणून कोणाचाच नसलेला माणूस.

नकार, जो नकारासारखा ऐकू येत नाही

नोकरीच्या ठिकाणी सगळ्यात महाग पडणारी चूक नकार न ओळखण्याची असते. जपानीत 'नाही' सरळ म्हणणे शक्यतो टाळतात. 'चोत्तो…' म्हणजे 'जरा…' असे म्हणून वाक्य अर्धवट सोडले, तर तो नकार. 'केंतो शिमास' म्हणजे 'विचार करतो'. व्यवहारात हाही बऱ्याचदा नकार. दुकानात पिशवी हवी का असे विचारल्यावर 'दाइजोबु देस', म्हणजे 'ठीक आहे' म्हटले, तर अर्थ 'नको'.

इंग्रजी अर्थ धरून चालणारा माणूस इथे वाट बघत बसतो. मराठी घरात वाढलेल्याला वाट बघायचे कारण नाही. 'बघू', 'सांगतो नंतर', 'राहू द्या' यांचा अर्थ त्याला लहानपणापासून कळतो. लग्नाच्या बैठकीत 'आम्ही कळवतो' म्हटले की काय झाले, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. हाच कान जपानीत वापरायचा.

आदराचेही तसेच. मराठीत तू, तुम्ही, आपण आहे. जपानीत क्रियापदेच बदलतात. खाण्यासाठी साधे क्रियापद 'ताबेरु', समोरच्या मोठ्या माणसाने खाण्यासाठी 'मेशिआगारु', स्वतःकडे कमीपणा घेऊन 'इतादाकु'. नावापुढे लावायचा 'सान' हा राव, ताई, साहेब यांसारखा आहे. तो दुसऱ्याला लावायचा, स्वतःच्या नावाला कधीच नाही.

इकिगाई आणि चार वर्तुळे

सोशल मीडियावर सगळ्यात जास्त फिरलेला जपानी शब्द म्हणजे इकिगाई. त्यासोबत चार वर्तुळांचे एक चित्र असते: आवडते काय, जमते काय, जगाला हवे काय, पैसे मिळतात कशाचे. हे चित्र जपानी नाही. उद्देशाबद्दलचे ते चित्र मुळात स्पेनमधल्या आंद्रेस झुझुनागा यांचे. २०१४ साली मार्क विन यांनी त्याच्या मध्यभागी 'इकिगाई' हा शब्द बसवला आणि ते जगभर गेले.

जपानीत 'इकि' म्हणजे जगणे आणि 'काइ' म्हणजे सार्थक. जोडशब्दात 'काइ'चा 'गाइ' होतो. मिएको कामिया या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९६६ साली या विषयावर पुस्तक लिहिले, त्यात पैशाचे वर्तुळ नाही. इकिगाई म्हणजे नातवंडे, परसातली भाजी, रोजचे फिरणे, काहीही असू शकते. दरवर्षी न चुकता पंढरीची वारी करणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला 'यातच जगण्याचं सार्थक आहे' असे वाटते, तेव्हा तो इकिगाईबद्दलच बोलत असतो. त्यातून कमाई होते का, हा प्रश्न त्याला कोणी विचारत नाही.

'कोमोरेबी' हा दुसरा लाडका शब्द. पानांमधून झिरपणारे ऊन. भाषांतर होऊच शकत नाही, असे त्याच्याबद्दल सांगतात. मराठीतला 'कवडसा' त्याच्या शेजारीच उभा आहे. कवडसा फटीतून किंवा कौलातूनही येतो, कोमोरेबी फक्त झाडातून, एवढाच फरक.

भारतातून गेलेले शब्द

बौद्ध धर्माबरोबर संस्कृत शब्द चीनमार्गे जपानात पोहोचले. 'सेत्सुना' म्हणजे क्षण. 'नाराकु' म्हणजे नरक. काबुकी नाटकाच्या रंगमंचाखालच्या तळघरालाही हेच नाव आहे. 'झेन' म्हणजे ध्यान. 'दान्ना' हा शब्द 'दान'वरून आला. आधी तो मठाला दान देणाऱ्यासाठी होता, मग मालकासाठी, आणि आज बायका नवऱ्यासाठी वापरतात. देवताही गेल्या: सरस्वती तिथे 'बेन्झाइतेन' झाली, लक्ष्मी 'किचिजोतेन' झाली, महाकाल 'दाइकोकुतेन' झाला.

जपानी बाराखडीचा क्रमही ओळखीचा आहे: अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. हा क्रम संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून आला. 'न' आणि 'म' यांच्यामध्ये 'ह' का, असा प्रश्न पडेल. जुन्या जपानीत तिथे 'प' होता, म्हणजे आपल्या प-वर्गाचीच ती जागा.

मात्र दिसायला सारखा प्रत्येक शब्द नात्यातला नसतो. 'नामाए' म्हणजे नाव. तो 'नाम'वरून आला असे अनेक पोस्ट ठासून सांगतात. तो 'ना' आणि 'माए' या दोन जपानी शब्दांचा जोड आहे.

शिकताना वही कशी ठेवावी

भारत आणि जपान यांच्यात जानेवारी २०२१ मध्ये कुशल कामगारांबाबत करार झाला. तेव्हापासून रुग्णसेवा, शेती, हॉटेल, बांधकाम अशा क्षेत्रांत जाण्यासाठी जपानी शिकणारे वाढले. त्यासाठी साधारणपणे जेएलपीटी या परीक्षेची एन-४ पातळी किंवा जेएफटी-बेसिक ही परीक्षा लागते. जेएलपीटी १९८४ पासून होते. २०१० पासून तिच्या एन-५ ते एन-१ अशा पाच पातळ्या आहेत, एन-५ सगळ्यात सोपी. महाराष्ट्रात जपानी शिक्षणाचे मोठे केंद्र पुणे. तिथे परीक्षाही होते, आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ व टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी शिकवली जाते.

इंग्रजी अर्थ टाकून द्यायचे कारण नाही. पुस्तके, शब्दकोश आणि ॲप बहुतेक इंग्रजीतच आहेत. पण वहीत दोनऐवजी चार रकाने करावेत. पहिल्यात जपानी शब्द देवनागरीत, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून. दुसऱ्यात शब्दशः अर्थ. तिसऱ्यात त्या प्रसंगी आपल्या घरात, आपल्या गावात काय म्हणतात ते. चौथ्यात इंग्रजी.

तिसरा रकाना रिकामा राहिला तर राहू द्यावा. 'देरु कुइ'सारख्या म्हणीपुढे तो रिकामाच राहील, आणि तिथे काहीतरी नवीन शिकायचे आहे एवढे त्यावरून कळेल. 'इत्ते किमास'पुढे मात्र तो भरायला एक क्षणही लागणार नाही: जाऊन येतो.